कुणी वाली नाही



आपण या पदाला कसे पात्र नाही, हे परिषदेच्या अध्यक्षानं आधी सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. 'पात्र' या शब्दावर मला आज बरंच बोलायचं आहे, तो सुरुवातीलाच विनयापोटी खर्चून टाकणं बरं नव्हे. शिवाय मागच्या दोन रांगांत बसलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताईंपैकी दोघींना चारची एसटी गाठायची आहे, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. तेव्हा आभार मनापासून मानते आणि विषयाला हात घालते.

काल संध्याकाळी बीडला येताना मांजरसुंब्याला चहासाठी थांबले. दिवाळी होऊन आठवडा झालेला. हॉटेलासमोर ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. वर बांबू आणि ताडपत्री, खाली ज्वारी-बाजरीची पोती, हंडा, लोखंडी चूल, दोन शेळ्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या मधून जी जागा उरली तिच्यात माणसं. फाळक्याला टेकून एक म्हातारी बसली होती, तिच्या मांडीवर तांदळाचा डबा. खाली रस्त्याच्या कडेला एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. मी आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न विचारला, "कितवीत आहेस गं?"

"सहावीत होते," ती म्हणाली.

शाळा चालू आहे, पटावर तिचं नाव असणार, कदाचित हजेरीसुद्धा लागत असेल. पण क्रियापद तिनं बरोबर वापरलं होतं.

ट्रॅक्टर निघून गेल्यावर मी चहा पितापिता हिशेब करत बसले. त्या एका ट्रॉलीतली माणसं कागदावर किती योजनांची लाभार्थी असतील? मुलीचं शालेय पोषण आहाराचं जेवण. कडेवरच्या पोराचा अंगणवाडीतला आहार. पलीकडं एक पोटुशी बाई होती, तिच्या तपासण्या. म्हातारीचं अनुदान. सगळ्यांचं रेशन. त्या ट्रॉलीत घरातलं सगळं सामान होतं, चूलसुद्धा. योजना तेवढ्या गावात राहिल्या होत्या. आता रेशन परगावी उचलता येतं, तशी सोय झाली आहे, हे मला ठाऊक आहे. पण गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्यानं काय खायचं, हे ठरवून मगच ते उचलायचं असतं.

आपल्या अभ्यासक्रमात याला 'सामाजिक भेद्यता' म्हणतात. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते आणि मुलं ती छान लिहितात. मी चाळीस वर्षं गावोगाव फिरले, 'मी भेद्य आहे' असं सांगणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. गावात म्हणतात, तिला कुणी वाली नाही. हा शब्द आपल्या शब्दापेक्षा फार नेमका आहे. त्यात पैशाचा उल्लेखच नाही. पाच एकर रान असलेली बाई नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी बिनवाली होऊ शकते. दीर तलाठ्याकडं जाऊन येतो आणि वारसनोंदीच्या वेळी कुणी तिला हाकही मारत नाही. उलट चार घरची धुणी करणारी एखादी बाई, जिचा भाऊ दर पंधरवड्याला मोटारसायकलवरून येऊन ओसरीवर बसून जातो, तिच्या वाटेला गाव जात नाही. गरीब दोघीही असतील. पण जोखीम कुणाला जास्त, हे गावाला बरोबर कळतं. आपल्या अर्जात मात्र त्यासाठी रकाना नाही.

आज मला हेच मांडायचं आहे. आपल्या सेवा गरिबी मोजायला शिकल्या. वाली नसणं ओळखायला त्या शिकल्या नाहीत. ज्या थोड्या ठिकाणी शिकल्या, तिथं त्या कचेरीच्या खिडकीमागून उठून कुणाच्या तरी पायांनी चालत दारापर्यंत गेल्या.

आधी खिडकीबद्दल बोलते. महाराष्ट्रानं संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली सुरू केली. आपल्या राज्याला याचं श्रेय द्यायला हवं. वृद्धांसाठीची केंद्राची योजना 1995 मध्ये आली, तीही महिना 75 रुपयांची. आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही 200 रुपयांवरच अडलेला आहे. राज्यानं आपल्याकडचं अनुदान 2023 मध्ये महिना 1,500 रुपये केलं. चांगलं झालं. पण या योजनेला एक अट आहे, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला. ही अट कित्येक वर्षं तशीच आहे. आता माझ्याबरोबर एक साधं गणित करा. रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये होती. तेव्हाच्या कायद्यानं शंभर दिवसांची हमी. म्हणजे एखादी विधवा सरकारनंच हमी दिलेले शंभर दिवस सरकारच्याच कामावर गेली, तर तिचं उत्पन्न 29,700 रुपये होतं आणि ती निराधार राहत नाही. एकाहत्तराव्या दिवशी तिला आधार मिळतो म्हणायचा!

व्यवहारात असं घडत नाही, कारण तलाठी शहाणा असतो. तो दाखल्यावर वीस हजार लिहितो. बाईला ठाऊक असतं हे खोटं आहे, तलाठ्याला ठाऊक असतं, नायब तहसीलदारांना असतं, आणि अर्ज भरून देणाऱ्या आपल्यालाही असतं. एवढ्या सगळ्यांच्या उपकारावर तिचा हक्क उभा राहतो. यातला कुणीही एक जण उद्या तिला म्हणू शकतो, खोटा दाखला दिलास. निराधार बाईला आधार द्यायच्या आधी आपण तिला गुन्हेगार करून ठेवतो आणि मग तिनं गप्प बसावं अशी अपेक्षा करतो. ती बसतेही.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशाच एका खिडकीपाशी मी एका आजीबरोबर अर्धा दिवस काढला. वय सत्तरीच्या पुढं. तिचं अनुदान चार महिने आलं नव्हतं, कारण आधारची पडताळणी राहिली होती. यंत्रावर अंगठा उठेना. ऑपरेटर पोरगा भला होता. त्यानं तिला हात धुऊन यायला सांगितलं, मग पदराला पुसायला सांगितलं, मग शेजारच्या दुकानातून लिंबाची फोड आणून बोटांवर घासली. दहाही बोटं झाली. यंत्र प्रत्येक वेळी तांबडा दिवा दाखवी. शेवटी तो म्हणाला, आजी, डोळ्याचं मशीन जिल्ह्याला आहे. आजीनं दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि मला म्हणाली, "तीस हंगाम ऊस तोडला बाई. ठसे उसाबरोबर कारखान्याला गेले." कुणी हसलं नाही. पोरगा मान खाली घालून पुढचा अर्ज चाळू लागला. जिल्ह्याला जायला आजीला एसटी फुकट आहे, पण बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते. आणि बरोबर कोण येणार, हाच तर मुळात प्रश्न होता.

एवढं बोलले तर स्वतःचंही सांगायला हवं. खिडकीच्या आतल्या बाजूला मीही बसले आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, दोष माझा होता. नवऱ्यानं सोडलेली एक बाई आली. बावीस-तेवीस वर्षांची, बरोबर दोन वर्षांची पोर. मी नियमाप्रमाणे तिचा अर्ज 'परित्यक्ता' या सदरात घेतला आणि नियमाप्रमाणेच म्हटलं, नवऱ्यानं सोडल्याचा पुरावा आण. सासरच्या गावच्या पोलीस पाटलाची सही, पंचांचा जबाब. ज्या गावातून तिला मारून हाकललं होतं, त्या गावात मी तिला सही आणायला धाडत होते. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, पोरीला उचललं आणि गेली. परत आली नाही. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही. कळेल अशी कुठली व्यवस्था मी ठेवलेलीच नव्हती. माझ्या अहवालात त्या महिन्यात नोंद आहे, 'अपूर्ण कागदपत्रांमुळे प्रकरण निकाली.' अक्षर माझंच आहे. मोत्यासारखं.

या प्रसंगानंतर कधीतरी मी बालहत्या प्रतिबंधक गृहाची हकिगत पुन्हा वाचली. आपण सगळेच ती शाळेपासून ऐकत आलो आहोत, भाषणात जोतीराव-सावित्रीबाईंचं नाव घेतो आणि पुढं सरकतो. पण आपल्या धंद्याच्या नजरेनं ती पाहा. 1863, पुणे. तरुण ब्राह्मण विधवा, घरातल्याच कुणीतरी फसवलेली, दिवस गेलेले. तिच्यापुढं वाटा दोन, विहीर किंवा पोराचा गळा. फुले दांपत्यानं आपल्या घरी सोय केली आणि शहरात जाहिराती लावल्या, की इथं या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. म्हणजे काय केलं? नाव विचारलं नाही. कुणापासून राहिले ते विचारलं नाही. पुरावा मागितला नाही. उत्पन्न तर नाहीच. ज्या क्षणी बाईला सगळ्यात जास्त धोका होता, नेमका तो क्षण त्यांनी पकडला आणि त्या क्षणापुरतं एक दार उघडं ठेवलं. तिथं जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांना त्याच्याच दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्या साथीतच 10 मार्चला गेल्या. एका बिनकागदी प्रकरणाचा पाठपुरावा त्यांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चालला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

पुढं आपल्याकडं संस्था उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, विठ्ठल रामजी शिंद्यांचं मिशन, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग. 1936 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, आजचं टाटा इन्स्टिट्यूट. आपण व्यावसायिक झालो ते तिथून. त्यात मिळवलंही पुष्कळ. पण मधल्या वाटेवर कुठंतरी प्रश्न बदलला. 'तुला आत्ता काय हवं' याच्या जागी 'तू कोणत्या सदरात बसतेस' आला.

सदरात बसवण्याची ही हौस कुठवर जाते, ते पाहा. भटक्या-विमुक्तांच्या मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचं भटकेपण हीच ओळख, त्यांच्या आज्यानं अमुक साली एका जागी राहून दाखवायचं. शेतकऱ्यानं जीव दिला, तर तालुक्याहून चौकशी होते. जमीन नावावर होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. मग आत्महत्या 'पात्र' ठरते किंवा 'अपात्र'. पात्र ठरली तर एक लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. ही रक्कम 2006 पासूनची. बिनपरवाना सावकाराच्या कर्जानं गेलेला, दुसऱ्याच्या नावचं रान कसणारा, किंवा कसणारी, अपात्र. मागं राहिलेल्या बाईचे पुढचे सहा महिने मात्र दोन्ही घरांत सारखेच असतात. फी, बी-बियाणं, आणि संध्याकाळी दारात येऊन बसणारा वसुलीवाला. त्या सहा महिन्यांत तिच्या घरी ठरल्या वारी जाईल असं माणूस कोणत्याच आदेशात नेमलेलं नाही.

पुन्हा कालच्या ट्रॅक्टरकडं येते, कारण जोखीम कशी तयार होते ते मला ऊसतोडीइतकं उघडं कुठंच दिसलेलं नाही.

मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दिवाळीआधी जोडीवर उचल मिळते, ती पुढं टनाच्या हिशेबानं फेडायची. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारानं तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. विधवा अर्धा कोयता, सोडलेली बाई अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम नाखूश. बिनलग्नाचा मुलगाही अर्धाच, म्हणून त्याचं लग्न लवकर. मुलीला एकटी गावात ठेवायची भीती आणि बरोबर न्यायची त्याहून जास्त, म्हणून तिचंही लवकर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात 21.9 होत्या, बीड जिल्ह्यात 43.7. आपण यावर बालविवाहविरोधी पथनाट्यं करतो. मीही केली आहेत. पथनाट्य संपल्यावर एका बापानं मला विचारलं होतं, "पटलं बाई. पण सहा महिने पोरगी ठेवू कुणापाशी?" माझ्या संवादांत याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. हंगामी वसतिगृह हे त्याचं खरं उत्तर आहे, आणि ज्या वर्षी ते दसऱ्याआधी सुरू होतं त्या वर्षी कितीतरी मुली गावात राहतात. डिसेंबरात मंजुरी आली तर मुली केव्हाच फडात पोचलेल्या असतात. पैसा तोच, योजना तीच. दोनेक महिन्यांचा फरक.

फडात पहाटे तीन-चारला उठायचं. तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. राहायला कोपी, म्हणजे खोपटं, तिला ना संडास ना न्हाणी. पाळीच्या दिवसांत एक खाडा झाला तर पाचशेच्या वर रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, आणि दवाखाना गाठला की कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका, कटकट संपेल. 2019 मध्ये हे प्रकरण बाहेर आल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांत एक. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यानं हे ऑपरेशन करू नये असं ठरलं, ते योग्यच झालं. पण हे फक्त डॉक्टरच्या लोभाचं प्रकरण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं जमत नाही. त्या बाईपाशी दुसरा सल्ला देणारं कुणीच नव्हतं. गावात आशाताई होती, पण बाई गावात नव्हती. कारखान्याच्या हद्दीत आशाताई असतेही, पण तिच्या यादीत या बाईचं नाव नाही. दोन याद्यांच्या मधल्या बांधावर ती उभी होती. तिथं तिला पहिलं भेटलं ते माणूस तिला टेबलावर घेऊन गेलं.

आता जिथं जमलं, त्याच्याविषयी. इथून जामखेड लांब नाही. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तिथं आलं. हाच अवर्षणाचा पट्टा, हीच हंगामी पांगापांग. त्यांनी गावातल्याच बायका निवडून शिकवल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावानं जिच्या हातचं पाणी घ्यायचं नाकारलं होतं, तिच्याच हातानं गाव बाळंत होऊ लागलं. तिकडं गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांत आरोग्यदूत तयार केल्या. झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि औषधं पिशवीत घालून ती बाई नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जायची, बोलावणं नसलं तरी. 'लॅन्सेट'मध्ये 1999 साली त्याचे निष्कर्ष आले. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले होते. पुढं हीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. मला यातलं 'बोलावणं नसलं तरी' हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाली नसलेलं माणूस बोलावत नाही. बोलावून कुणी येत नाही, हे त्याला अनुभवानं पाठ झालेलं असतं.

शहरातलं उदाहरण हवं असेल तर 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारात टाटा इन्स्टिट्यूटनं सुरू केलेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष घ्या. मार खाल्लेली बाई समाजकार्य महाविद्यालयात येत नाही, पोलिसांत जाते. म्हणून समाजकार्यकर्तीनं आपलं टेबलच तिथं नेऊन मांडलं. आता असे कक्ष राज्यभर आहेत. यात थोर तत्त्व शोधू नका. बाजार जिथं भरतो तिथं दुकान मांडावं, एवढंच त्यांनी केलं. मग कारखान्याच्या गव्हाणीपाशी, वजनकाट्यावर, जिथं हंगामात रात्रंदिवस गाड्यांची रांग असते, तिथं आपलं टेबल का नाही?

गाव स्वतःही काही करू शकतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं इथं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठरावानं अनुदान मिळत नाही, मान्य. पण कपाळावर कुंकू असलेली बाई ग्रामपंचायतीच्या पायऱ्या ज्या चालीनं चढते, ती चाल मी पाहिली आहे.

आणि आता मागच्या दोन रांगा. दारापर्यंत जाणारे पाय यांचे आहेत. 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी ऑक्सिमीटर घेऊन घरोघर जाणाऱ्या याच. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. नवजात बाळाच्या सहा-सात गृहभेटी पूर्ण झाल्या की आशाला मिळतात 250 रुपये. एका भेटीला चाळीसच्या आसपास पडतात. 2023 च्या डिसेंबरात अंगणवाडीताई संपावर होत्या, त्यानंतर 2024 च्या सुरुवातीला आशाताई आझाद मैदानात बसल्या. तेव्हा आपल्या व्यवसायातून किती जण तिथं गेले? मी एक दिवस गेले, संध्याकाळच्या गाडीनं परतले, त्याचा अभिमान वाटावा असं काही नाही. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. मान आधी सांगून धन कमी करायची ही जुनी मराठी युक्ती आहे, आम्हा वक्त्यांनाही ती परिचयाची आहे. तुमच्यातल्या निम्म्याजणी स्वतः एकल आहेत, मघाशी बोलताना कळलं. जिला कुणी वाली नाही अशा बाईच्या जिवावर आपण बाकीच्यांना वाली पुरवतो आहोत.

परिषदेनं काय करावं, हे सांगायचा अधिकार अध्यक्षाला आजच्या दिवसापुरता असतो, तो वापरून घेते. उत्पन्नाच्या 21 हजारांच्या अटीबद्दलचा ठराव दुपारच्या सत्रात येतो आहे. त्यात भावनांचं वर्णन कमी आणि मघाचं गणित जास्त असावं. महाविद्यालयांना विनंती, की क्षेत्रकार्य जूनच्या वेळापत्रकाला बांधू नका. एक तुकडी नोव्हेंबर ते मार्च कारखान्याच्या तळावर राहू द्या. कोपीत राहायला सांगत नाही, तळाजवळ खोली घ्या. पण पहाटे तीनला उठा. बाकीचं त्या मुलांना कुणी शिकवावं लागणार नाही.

आणि एक लहान गोष्ट. गेली दहाएक वर्षं मी प्रकरणाच्या कागदावर सगळ्यात वर, नावाच्याही आधी, एक प्रश्न विचारते. रात्री पोटात दुखायला लागलं तर हाक कुणाला मारशील? उत्तरं लिहून ठेवते. जावेला. सुनेला, पण ती येईल का सांगता येत नाही. आशाताईला, हे उत्तर अलीकडं पुष्कळ वेळा येतं. केज तालुक्यातल्या एका मावशीनं बराच वेळ विचार केला, समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "कधी मारून बघितली नाही बाई." तिचं उत्पन्न अटीत बसत नव्हतं, थोडं वर जात होतं. मी तिचं नाव यादीत पहिलं घातलं. अर्ज नामंजूर होऊन आला. मग तिच्याच गल्लीतल्या ताईला सांगून ठेवलं, की दर शुक्रवारी जाताजाता हिच्या दारात दोन मिनिटं थांब, काम नसलं तरी.

ती ताई आज इथं आली आहे. मागून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव नाही, वक्त्यांच्या पात्रतेत बसलं नसावं. माझ्या भाषणाला दिलेल्या वेळातली वीस मिनिटं अजून शिल्लक आहेत, ती मी तिला देते आहे. तीन वर्षं शुक्रवारी त्या दारात थांबून काय काय दिसलं, ते तिच्याच तोंडून ऐका. उद्या तिच्या गावात लसीकरण आहे, चारची गाडी चुकली तर पुढची सातला. ताई, या, इकडं पुढं या. पाण्याचा तांब्या इथं आहे.